जलाशयाच्या सहलीला काय न्याल?

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. समजा, तुमच्या वर्गाची सहल महाबळेश्वरजवळ तापोळ्याला निघाली आहे. कोयना धरणामुळे तयार झालेल्या शिवसागर जलाशयात लाँचने फिरायचे, काठावर डबे खायचे आणि संध्याकाळी परतायचे. आता पिशवीत काय भरावे? आई एक सांगेल, मित्र दुसरेच सांगतील. आपण हा प्रश्न पदार्थविज्ञानाला विचारून पाहू.

ओझे किती आणि कोठे?

वीस विद्यार्थी आहेत, प्रत्येकाचे वजन ४० किलोग्रॅम आणि पिशवी ५ किलोग्रॅमची आहे असे धरू. एकूण भार झाला ९०० किलोग्रॅम. पाण्याच्या पातळीवर लाँचचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर असेल, तर एक सेंटिमीटर खाली जाताना ती १६० लिटर पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे तेवढ्याने १६० किलोग्रॅम भार तोलला जातो. म्हणजे सगळा वर्ग सामानासकट चढला, तरी लाँच सहा सेंटिमीटरही खाली जाणार नाही!

मग धोका कशाचा? भार किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोठे आहे हेही महत्त्वाचे. लाँच किंचित कलली की बुडालेल्या बाजूवर प्लावक बल वाढते आणि ते तिला पुन्हा सरळ करू पाहते. मात्र गुरुत्वमध्य फार वर गेला, तर हे बल पुरे पडत नाही. सगळी मुले एकदम उभी राहिली की गुरुत्वमध्य वर सरकतो. सगळी एकाच कडेला धावली की तो बाजूला सरकतो. त्यातच भार क्षमतेहून अधिक असेल, तर लाँचचा काठ आधीच पाण्याजवळ आलेला असतो. जरा कलताच पाणी आत शिरते.

ही केवळ पुस्तकातली गोष्ट नव्हे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातील थेक्कडीच्या जलाशयात दुमजली प्रवासी बोट उलटून ४५ माणसे मृत्युमुखी पडली. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि काठावरची जनावरे पाहण्यासाठी ती एका बाजूला सरकली होती.

म्हणून पिशव्या छतावर ठेवू नका, मांडीवर घेऊ नका. लाँचच्या तळाशी, मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर न्या. वीस जणांचे ४० लिटर म्हणजे आणखी एक विद्यार्थीच झाला; पण तो तळाशी निजलेला असल्याने लाँच अधिक स्थिरच होते!

जाकीट पिशवीत नको, अंगावर हवे

तुम्ही म्हणाल, “मला पोहता येते, मग जाकीट कशाला?” माणसाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छातीत श्वास भरलेला असताना बहुतेक जण कसेबसे तरंगतात. पण नाक पाण्याबाहेर ठेवायचे, तर डोके बाहेर हवे. डोक्याचे वजन चार ते पाच किलोग्रॅम. ते बाहेर आले की पाण्याचा त्याला आधार राहत नाही, आणि तेवढा भार हातपाय मारून तोलावा लागतो. दमलेला किंवा घाबरलेला माणूस हे किती वेळ करणार?

जाकिटात सात लिटर फेस-प्लास्टिक असेल, तर ते सात किलोग्रॅम पाणी बाजूला सारते. त्याचे स्वतःचे वजन वजा केले, तरी सहा-साडेसहा किलोग्रॅम भार तोलणारे बल उरते. डोके वर राहायला एवढे पुरते. मात्र जाकीट आपल्या मापाचे हवे आणि सगळे पट्टे आवळलेले हवेत. नाहीतर जाकीट वर तरंगेल आणि आपण त्यातून खाली निसटू. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल नेणारी बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. बोटीत माणसे क्षमतेहून जास्त होती आणि अनेकांच्या अंगात जाकिटे नव्हती. तेव्हा सर्वांना जाकिटे मिळाल्याशिवाय लाँच सुटू देऊ नका. हे सरांना किंवा बाईंना सांगायला लाजू नका.

कोरडे कपडे का?

ओल्या कपड्यांतले एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेते. १०० ग्रॅम पाण्याला ५८,००० कॅलरी लागतील. ती सगळी ४० किलोग्रॅमच्या मुलाच्या शरीरातून गेली, तर त्याचे तापमान दीड अंशाहून अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि शरीरही नवी उष्णता निर्माण करते. पण लाँचवरच्या वाऱ्यात हुडहुडी का भरते, हे यावरून कळेल. म्हणून कपड्यांचा एक जोड आणि पंचा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या.

गार वारा आणखी एक फसवणूक करतो. ऊन लागत नाही असे वाटते, पण अतिनील किरण त्वचेवर पडतच असतात. रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सुती सदरा हवाच.

छोट्या पण कामाच्या वस्तू

शिट्टी: तिचा सूर उंच असतो. अशा सुराला आपला कान फार संवेदनशील असतो, आणि ओरडण्यापेक्षा शिट्टीला श्वासही कमी लागतो.

मोबाइल: २०० ग्रॅमच्या फोनचे आकारमान सुमारे १०० घनसेंटिमीटर असते. प्लास्टिकच्या पिशवीत त्याच्यासोबत अर्धा पेला हवा कोंडून तोंड घट्ट बांधले, की तो पाण्यात पडला तरी तरंगेल.

काचेच्या बाटल्या मात्र घरीच ठेवा. हलत्या लाँचमध्ये त्या फुटल्या, तर अनवाणी पायांची खैर नाही.

करून पाहा

बादलीतल्या पाण्यात साबणाची रिकामी डबी तरंगत सोडा. तिच्या तळाशी दहा नाणी पसरून ठेवा आणि डबी बोटाने हलकेच कलवा. ती पुन्हा सरळ होते. आता तीच दहा नाणी एकावर एक रचून मधोमध उभी करा आणि डबी तशीच कलवा. शेवटी सगळी नाणी एका कडेला सारा. प्रत्येक वेळी वजन तेच होते. मग फरक कशामुळे पडला? उत्तर वहीत लिहा, आणि सहलीच्या आदल्या दिवशी हा प्रयोग वर्गात सर्वांना करून दाखवा.