मोकळ्या मैदानांतील जलसा आणि आपलें घर

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे आमच्या सिंदी (रेल्वे) सारख्या गांवांतील मोठीं घरें पुन्हा एकदां भरून जातात. पुण्यास, मुंबईस व नागपुरास शिकावयास गेलेलीं मुलें-मुली परत येतात. गच्चीवर कुरडया-पापडांचीं वाळवणें पडतात, आणि रात्रीं अंगणांत खाटा टाकल्या कीं गप्पांना ऊत येतो. अशा गप्पांत अलीकडे एक नवा विषय निघूं लागला आहे. ‘आम्ही मैत्रिणी मिळून रॉक संगीताच्या जलशास जाणार आहों, दोन दिवस उघड्या मैदानावर कार्यक्रम आहे,’ असें एखादी नात सांगते आणि वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. आजोबांस गोंगाटाची, आजीस उन्हाची, काकूंस रात्रीच्या परतीची आणि काकांस तिकिटाच्या किमतीची काळजी वाटते. या चारहि काळज्या खऱ्या आहेत. परंतु त्यांचें उत्तर ‘जाऊं नकोस’ एवढेंच आहे काय, याचा शांतपणें विचार होणें अगत्याचें आहे.

प्रथम हें संगीत आहे तरी काय, तें पाहूं. मुलें ज्याला ‘इंडी रॉक’ म्हणतात त्यांतील ‘इंडी’ या शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा आहे. चित्रपटाच्या निर्मात्यानें मागितलेली चाल न गातां जे गायक-वादक आपलीं गीतें आपणच रचतात, बहुधा आपल्याच खर्चानें मुद्रित करतात व आपल्याच नांवावर श्रोत्यांपुढें उभे राहतात, त्यांचें हें संगीत. विजेवर चालणारी गिटार, खर्जाची गिटार व ड्रम हीं त्याचीं मुख्य वाद्यें. महाराष्ट्रीयांस ही वृत्ति अगदींच अपरिचित नाहीं. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. आपल्या कलेचे मालक आपणच असावें, ही त्यांची आकांक्षा आणि आजच्या गिटारवाल्या तरुणांची आकांक्षा यांत वाद्यांचा फरक असेल. जातीचा फरक नाहीं.

आपल्या प्रांतांत अशा जलशांना आतां बरींच वर्षें झालीं. मुंबईच्या धोबी तलावानजीकच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहांत १९८६ सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ नांवाचा जलसा सुरू झाला. पुढें शांतता-क्षेत्राच्या नियमामुळें रंगभवनांतील जलसे बंद पडले. पुण्यास डिसेंबर २०१० मध्यें ‘एन-एच-सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. तेथें एकाच मैदानावर अनेक रंगमंच उभारलेले असतात व श्रोता आपल्या आवडीप्रमाणें एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गिटारीशेजारीं तबला ठेवणारा दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ हा संच याच स्वतंत्र परंपरेंतला. आणि मुंबईचा ‘अभंग रीपोस्ट’ हा संच तर गिटार व ड्रम यांच्या साथीनें आपल्या संतांचे अभंग गातो. ज्या आजोबांस गोंगाटाची भीति वाटते, त्यांनीं त्या गोंगाटांतून ओळखीचा अभंग ऐकला तर ते क्षणभर तरी थबकतील, अशी आमची खात्री आहे.

उघड्यावर हजारोंनीं बसून गाणें ऐकणें ही पश्चिमेची देणगी आहे, असेंहि नाहीं. आमच्या वऱ्हाड-नागपूर भागांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर खेड्यापाड्यांतील समुदाय मोकळ्या मैदानावर तासन् तास डोलत असे. आमच्याच वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामास, ते १९३६ सालीं गांधीजींच्या निमंत्रणावरून राहिले होते. पुण्यांत १९५३ सालीं पंडित भीमसेन जोशी यांनीं गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू केला, तोहि मैदानावरील मांडवांतच बहरला. उलट, ज्या अमेरिकन जलशाचें नांव मुलांच्या तोंडीं सदैव असतें, त्या ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक येथें पहिल्याच रात्रीं पंडित रविशंकर पावसांत सतार वाजवीत होते. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते आणि तंबोऱ्यावर होत्या माया कुलकर्णी! कुलकर्ण्यांची लेक त्या मैदानावर बसून आली. तेव्हां आपल्या लेकीनें मैदानांत पाऊल टाकलें म्हणून आकाश कोसळण्याचें कारण नाहीं.

आतां ऋतूचा विचार. युरोप-अमेरिकेंत उन्हाळा हा सुखाचा काळ, म्हणून तिकडील मोठे जलसे जून ते ऑगस्ट या महिन्यांत होतात. आपल्याकडे मैदानावरील मोठे जलसे बहुधा हिवाळ्यांतच होत आले आहेत. तरी महामारीमुळें लांबलेला पुण्याचा ‘वीकेंडर’ मार्च २०२२ मध्यें, म्हणजे उन्हें तापूं लागल्यावर, झाला. विदर्भांत तर मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत मैदानावरचा जलसा असेल तर तो दिवस कलल्यावरच ऐकावा.

यास प्रकृतीचें कारण आहे, तसेंच नादाचेंहि आहे. सिंदीस भर दुपारीं स्टेशनांतून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा शेतावर जेमतेम पोहोंचतो. तोच रात्रीं गांवापासून कितीतरी दूर स्पष्ट ऐकूं येतो. दुपारीं जमिनीलगतची हवा अतिशय तापलेली व वरची हवा त्या मानानें थंड असते. त्यामुळें नादाच्या लहरी वरच्या बाजूस वळतात व श्रोत्याच्या डोक्यावरून निघून जातात. रात्रीं जमीन निवाली म्हणजे हा क्रम उलटतो आणि लहरी खालीं वाकून दूरवर पोहोंचतात. शिवाय मैदानास भिंती नसल्यानें नाद परत फिरत नाहीं. म्हणून प्रचंड ध्वनिक्षेपक उभारावे लागतात. रंगमंचापासून शंभर मीटरांवर उभें राहिल्यास ड्रमवर काठी पडलेली आधीं दिसते व तिचा नाद सेकंदाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शानें मागाहून येतो. घरांतील लहान मुलांस हा चमत्कार अवश्य दाखवावा. शाळेंतील धड्यापेक्षां तो अधिक ध्यानांत राहील.

परंतु याच ध्वनिक्षेपकांत धोकाहि आहे. ८५ डेसिबल इतका नाद कानास दिवसाचे आठ तास सोसतो, असें धरलें जातें. त्यापुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे शंभर डेसिबलांस ती अवघी पंधरा मिनिटें उरते, आणि रंगमंचाजवळ नाद याहूनहि चढूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं जलशांच्या जागांसाठीं सरासरी शंभर डेसिबलांची कमाल मर्यादा सुचविली, श्रोत्यांस कानांतील बोळे मिळावेत असें सांगितलें व विसाव्यासाठीं शांत जागा राखण्याचीहि शिफारस केली. अति नादानें अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशी एकदां मेल्या कीं त्या पुन्हा उगवत नाहींत. तेव्हां ध्वनिक्षेपकांपासून दूर उभें राहावें. उघड्यावर अंतर दुप्पट केल्यास नाद सुमारें सहा डेसिबलांनीं उतरतो. औषधाच्या दुकानांतून फोमचे बोळे आणून ते नीट बसवावेत. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाहीं. मधून मधून दूर जाऊन कानांस विसांवा द्यावा. लहान मुलांस तर कानझांकणीवांचून नेऊंच नये.

उन्हाविषयीं आजीचें म्हणणें शिरसावंद्य मानावें. मात्र खिशांतील कांद्यावर विसंबूं नये. ऊन टाळतें तें पाणी व सावली. दुपारीं बारा ते तीन या वेळांत मैदानावर जाऊंच नये. सुती, सैल कपडे व डोक्यास दुपट्टा असावा. निघण्यापूर्वी ताक किंवा कैरीचें पन्हें घ्यावें. पुष्कळ जलशांत बाहेरील बाटली आंत नेऊं देत नाहींत, म्हणून पिण्याचें पाणी कोठें आहे हें आंत शिरतांच पाहून ठेवावें. घरीं परतल्यावर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें पाणी घोटघोट प्यावें. एखाद्याचें अंग तापून तो असंबद्ध बोलूं लागला अथवा भोवळ येऊन पडला, तर त्यास तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर ओलें फडकें फिरवावें, वारा घालावा व वैद्यकीय मदत बोलवावी. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडांत पाणी ओतूं नये.

राहिली रात्रीची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. सरकार वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊं शकतें. याच नियमामुळें सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या बैठकी संपल्या, याचें रसिकांस दुःख आहे. पण काकूंस मात्र त्यामुळें घड्याळाकडे पाहून धीर धरतां येईल. तरी मैदानाबाहेर पडण्यास बराच वेळ लागतो, म्हणून परतीची गाडी अथवा मुक्कामाचें घर आधींच ठरवावें. गर्दींत दूरध्वनि लागेलच असें नाहीं. यास्तव चुकामूक झाल्यास भेटण्याची एक जागा नेमून ठेवावी.

आणखी एक गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कांहीं जलशांस मद्याच्या कंपन्यांचा आश्रय असतो व तेथें मद्य विकलें जातें. महाराष्ट्रांत बीअरसाठीं २१ व कडक मद्यासाठीं २५ वर्षें अशी वयाची मर्यादा आहे, आणि उष्णतेंत मद्यानें शरीर अधिकच सुकतें. हें मुलांशीं घरांत, दिवसाउजेडीं, स्पष्ट बोलावें. ज्या घरांत असें बोलतां येतें, तेथील मूल संकट आलें कीं प्रथम घरींच हाक मारतें. ज्या घरांत तें लपवावें लागतें, तेथें संकटहि लपविलें जातें. आमच्या मतें या सर्व प्रश्नाचा गाभा येथें आहे. चोरून गेलेल्या मुलीस उन्हानें भोवळ आली तर ती कोणास कळविणार?

काकांच्या तिकिटाविषयीं एवढेंच म्हणतों कीं, स्वतंत्र कलावंतास चित्रपटाचें पाठबळ नसतें. त्याची चूल मुख्यतः श्रोत्यांच्या तिकिटावरच पेटते. फुकट पास मागणें ही आपल्या सुशिक्षित घरांतील जुनी खोड आहे; ती टाकावी. दोन दिवसांचें तिकीट जड वाटल्यास एका दिवसाचें मिळतें काय हें पाहावें, आणि जमल्यास घरांतील एका वडील माणसानेंहि सोबत जावें. मुलांवर पहारा ठेवावयास नव्हे, तर ऐकावयास. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं आपल्याच गांवांत लांकडी बैलांमागें नातवंडांबरोबर आजोबा मिरवतात, त्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं. येथेंहि वाटूं नये.

एकदां जाऊन, कानांत बोळे घालून व पायांखालीं सतरंजी पसरून ऐकल्यावर ज्यांस तें संगीत रुचणार नाहीं, त्यांनीं खुशाल तसें सांगावें. तो मग अनुभवाचा अभिप्राय ठरेल, आणि अशा अभिप्रायास नातवंडेंहि मान देतील.