‘पॅर’ हा शब्द आणि गोरिओचे पितृत्व

ऑनोरे द बाल्झाक याची ‘ल पॅर गोरिओ’ ही कादंबरी १८३४-३५ मध्ये पॅरिसमधील एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नावातील ‘पॅर’ या शब्दाचा कोशगत अर्थ ‘पिता’. मुलींपायी सर्वस्व गमावणाऱ्या वृद्धाची ही कथा असल्याने वाचक तेवढ्यावर समाधान मानतो. परंतु फ्रेंच बोलीत आडनावाच्या अगोदर येणारा हा शब्द सामान्य स्थितीतील म्हाताऱ्यास उद्देशून सलगीने, पुष्कळदा तुच्छतेनेही, योजला जातो. या कादंबरीचा नीतिविचार या दुसऱ्या अर्थावाचून नीट उलगडत नाही.

गोरिओ हा शेवयांचा निवृत्त व्यापारी. १८१३ मध्ये तो वोकेबाईंच्या खाणावळीत राहावयास येतो, तेव्हा वर्षाला १२०० फ्रँक मोजतो आणि ‘मस्य गोरिओ’ म्हणवला जातो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो वरच्या मजल्यावरील स्वस्त खोली घेऊन ९०० फ्रँकांवर येतो. बाई पैसे आगाऊ मागतात, आणि तेव्हापासून त्याला ‘पॅर गोरिओ’ म्हणू लागतात! पुढे तो आणखी वर चढतो व महिना ४५ फ्रँकांवर राहतो. त्याचा पैसा मुलींकडे जातो, हे खाणावळीस ठाऊक नाही. भेटीस येणाऱ्या मुली त्याच्या रखेल्या असाव्यात, असाच तेथील समज. पितृत्वामुळे दारिद्र्य आणि दारिद्र्यामुळे ‘पिता’ हे नाव, असा हा विलक्षण फेरा आहे.

मराठीत ‘म्हातारा’ हा शब्द याच्या बराच जवळ जातो, कारण ‘आमचा म्हातारा’ म्हटले की बापच अभिप्रेत असतो. मात्र ‘आमचा’ गाळताच बाप नाहीसा होतो. फ्रेंच शब्दात तो लपून राहतो.

महत्त्वाकांक्षी रास्तिन्याकला या शब्दाचा चटका सरदारघरात बसतो. काउंट द रेस्तो यांच्या दिवाणखान्यात तो सहज ‘पॅर गोरिओ’ म्हणतो. काउंट हातातील चिमटा आगीत टाकून, ‘मस्य’ म्हणावयास हवे होते, असे सुनावतात आणि ते दार त्याला बंद होते. जावयाला सासरा नको असतोच. त्याचा व्यवसाय व वर्ग उघड करणारा शब्द तर मुळीच नको. यानंतर रास्तिन्याक आईकडे १२०० फ्रँक मागतो, बहिणी आपली ३५० फ्रँकांची शिल्लक पाठवतात. गोरिओच्या मुलींहून त्याची मागणी कितपत निराळी? वोत्रँ सुचवितो त्या खुनाच्या सौद्यास तो नकार देतो खरा. पण आप्तांच्या त्यागावर वर चढण्याचा मार्ग त्याने तत्पूर्वीच पत्करलेला असतो.

मृत्युशय्येवर गोरिओ दोघा विद्यार्थ्यांनाच आपल्या मुली समजतो. अंत्ययात्रेत जावयांच्या बग्ग्या येतात, त्या रिकाम्या. दफन होते पॅर-लाशेजमध्ये. या नावातील ‘पॅर’ मात्र धर्मगुरूचा, चौदाव्या लुईच्या पापनिवेदकाचा. तेथील उंचवट्यावरून रास्तिन्याक पॅरिसला आव्हान देतो आणि गोरिओच्या धाकट्या मुलीकडे, मादाम द न्युसिंजेनकडे, जेवावयास जातो.