‘थांबा’ सांगणारे प्रथिन

‘पोट बिघडले’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यातही असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. ते आणि आपले रक्त यांच्यामध्ये बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप आणि पेशींचा अवघा एकपदरी थर! मग शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशी या गर्दीवर तुटून का पडत नाहीत?

मी कला शाखेचा विद्यार्थी. हा माझा प्रांत नव्हे. पण घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे दवाखान्याचा प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे येतो. चुलत्यांच्या कागदावर ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हे शब्द आले. या रोगात मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, शौचावाटे रक्त जाते. आमच्याकडे त्यालाही ‘उष्णता’च म्हणतात. तेव्हापासून मी वाचू लागलो.

पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. हे निरोप म्हणजे सायटोकाइन नावाची सूक्ष्म प्रथिने. ज्या पेशीवर त्या प्रथिनाला बसायला नेमकी खोबण असते, तिलाच निरोप कळतो. टीएनएफ हे प्रथिन ‘धावा’ म्हणते. त्याने सूज, दाह वाढतो. इंटरल्यूकिन-१० म्हणते, ‘पुरे, थांबा.’

१९९३ साली जर्मनीतील कोलोनच्या शास्त्रज्ञांनी इंटरल्यूकिन-१० तयारच होणार नाही असे उंदीर निपजवले. त्यांच्या आतड्याला दाह झाला. पुढे असे दिसले, की तेच उंदीर संपूर्ण जंतुविरहित जागेत वाढवले तर दाह होत नाही. म्हणजे जंतू नेहमीचेच होते. रक्षकांना आवरणारा तेवढा नव्हता. २००९ मध्ये तर अगदी लहानपणीच आतड्याचा तीव्र दाह जडलेल्या काही मुलांत या प्रथिनाची खोबणच जन्मतः बिघडलेली आढळली. निरोप निघत होता, ऐकणारे बहिरे! त्यांतील एका मुलाला दुसऱ्याची अस्थिमज्जा दिल्यावर आजार शमला.

मग हे प्रथिनच टोचून द्यावे, असे कोणालाही वाटेल. क्रोनच्या आजारात (हाही आतड्याचाच दाह) तसे करून पाहिले. अपेक्षित गुण आला नाही. उलट टीएनएफला अडवणारे औषध उपयोगी ठरले. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये क्रोनसाठी व २००५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मान्यता मिळाली.

पण टीएनएफ हा काही निव्वळ खलनायक नव्हे. क्षयाचे जंतू शरीरात कोंडून ठेवणारी पेशींची भिंत त्याच्याच जोरावर टिकते. तो अडवला की दबलेला क्षय उसळू शकतो. म्हणून औषधापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात ही गोष्ट फार नाजूक आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा आजार इतके सारखे दिसतात, की आतड्याचा तुकडा काढून तपासला तरी कधीकधी उलगडा होत नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते.