पशुवैद्याची पात्रता

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत पसंतीक्रमाचे तक्ते मांडले जातात, आणि त्या तक्त्यांत एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस अशी उतरंड रचून झाल्यावर, उरलेल्या जागेत, बहुधा कोणा जाणत्या आप्ताच्या सूचनेवरून, ‘बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच.’ ही अक्षरे लिहिली जातात. ज्या प्रांतात शेतकऱ्याचे अर्धे भांडवल गोठ्यात उभे असते, ज्या प्रांतातील सहकारी दूधसंघांनी राजकारणाला पुढारी आणि संसाराला रोख पैसा पुरविला, त्या प्रांतात गुरांच्या वैद्यकाची विद्या उरल्यासुरल्या पसंतीची मानली जावी, ही विसंगती मोठी आहे. परंतु तिचा दोष सर्वस्वी पालकांच्या माथी मारता येणार नाही. या विद्येच्या दाराशी जी परीक्षा घेतली जाते, तीच मुळी दुसऱ्या विद्येसाठी रचलेली आहे.

वस्तुतः हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. लष्करी घोड्यांच्या निगेसाठी पुण्यात १८६२ साली पशुवैद्यकाची शाळा निघाली. पुढे लाहोरचे महाविद्यालय १८८२ साली आणि मुंबईचे १८८६ साली स्थापन झाले. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणिरुग्णालयाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या या मुंबईच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे होते, आणि तेथून बाहेर पडणारा पदवीधर आपल्या नावापुढे ‘जी.बी.व्ही.सी.’ ही अक्षरे अभिमानाने लावीत असे. नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याकडील शिरवळ येथील महाविद्यालये स्वातंत्र्योत्तर काळातील. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि तोवर कृषी विद्यापीठांच्या छत्राखाली नांदणारी ही विद्या स्वतःच्या घरात राहावयास आली.

आता प्रवेशाचे नियम. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्यान्वये स्थापन झालेल्या परिषदेने शिक्षणाची किमान मानके ठरवून दिली आहेत, आणि ती साऱ्या देशास लागू आहेत. उमेदवाराने बारावीची परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण केलेली असावी. या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास किमान ५० टक्के गुण असावेत, राखीव प्रवर्गांस त्यात सवलत. आणि प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्याच्या वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत. पूर्वी परिषद आपली स्वतंत्र अखिल भारतीय परीक्षा घेत असे. ती मागे पडली आणि तिच्या जागी नीट आली. गुणवत्ता यादी लागते ती नीटच्याच गुणांवर: ७२० गुणांची परीक्षा, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे आणि उरलेले निम्मे भौतिक व रसायन या दोहोंत समसमान वाटलेले. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, ही गोष्ट खेड्यातील विद्यार्थ्यांना अनेकदा कोणी सांगत नाही. प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष सक्तीची आंतरवासिता, म्हणजे एकूण साडेपाच वर्षांचा हा संसार आहे.

येथपर्यंत सारे सरळ आहे. घोळ होतो तो अर्जाच्या ठिकाणी. नीट एकच असल्यामुळे प्रवेशाचा दरवाजाही एकच असेल, अशी विद्यार्थ्यांची स्वाभाविक समजूत असते, आणि राज्याच्या वैद्यकीय प्रवेशप्रक्रियेत नाव नोंदवून ते निश्चिंत बसतात. परंतु राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील बहुतांश जागांसाठी विद्यापीठाकडे निराळा अर्ज करावा लागतो; आणि प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालयातील १५ टक्के जागा देशभरच्या उमेदवारांसाठी असून त्या पशुवैद्यक परिषद स्वतःच्या समुपदेशनाद्वारे भरते, त्यासाठी नोंदणी पुन्हा वेगळी. ज्याला उदगीरला जायचे आहे त्याने विद्यापीठाची खिडकी गाठावी, ज्याची बिकानेरला किंवा केरळात जायची तयारी आहे त्याने परिषदेचीही गाठावी. अधिवासाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर हे दस्तऐवज निकालानंतर जमवू म्हणणाऱ्यांची जी धावपळ होते तिचा तपशील, तहसील कचेरीत जूनमधल्या रांगेत उभे राहिलेल्या पालकांना तरी, सांगण्याची आवश्यकता नाही.

या साऱ्या अटींत एक अट नाही, आणि माझ्या मते तिचा अभाव हाच या व्यवस्थेतील मुख्य दोष आहे. उमेदवाराने कधी जनावराला हात लावला आहे काय, हे त्याला कोणीही, कोठेही विचारीत नाही. प्रवेश झाल्यानंतर पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन व्यवस्थापन हे विषय पुढे येतात, फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि कोटा किंवा लातूर येथील शिकवणी वर्गांत घोटलेले प्रकाशकिरणांचे वक्रीभवन तेथे फारसे कामी येत नाही. पुढे एखाद्या सकाळी म्हैस खोड्यात उभी करून तिच्या गाभणपणाची तपासणी करावयाची असते. खांद्यापर्यंत येणारा पातळ प्लॅस्टिकचा हातमोजा चढवायचा, त्यावर साबणाचे पाणी घ्यायचे, गुदमार्गातून हात आत घालून आधी शेण काढायचे, आणि मग आतड्याच्या भिंतीमधून बोटांच्या टोकांनी गर्भाशयाची दोन शिंगे चाचपायची. दोन महिन्यांच्या सुमारास त्यांतले एक दुसऱ्यापेक्षा किंचित भरलेले लागते, आणि त्या ‘किंचित’वर शेतकऱ्याचा पुढच्या हंगामाचा हिशेब अवलंबून असतो. म्हैस मध्येच कुंथते, हात आवळला जातो, मनगट बधिर होते. दावे धरून उभा असलेला मालक ‘काय साहेब, हाय का न्हाई?’ असे दर मिनिटाला विचारीत असतो. ज्याला या कर्माची किळस आहे, किंवा जनावराची लाथ कोणत्या बाजूने येते याचा ज्याला अदमास नाही, त्याने ६०० गुण मिळविले काय आणि ३०० मिळविले काय, गोठ्यात त्याचे मोल सारखेच. असा विद्यार्थी मग दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जागा मिळताच निघून जातो. किंवा राहतो, आणि साडेपाच वर्षे मनाने दुसरीकडेच असतो.

याउलट अमेरिकेतील रीत पाहण्याजोगी आहे. तेथे पशुवैद्यकाची पदवी हे चार वर्षांचे उत्तर-शिक्षण असून, त्यापूर्वी महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायन, भौतिक, संख्याशास्त्र आदी विषयांचा ठरावीक अभ्यास झालेला असावा लागतो. बहुतेक संस्थांसाठी एकच सामाईक अर्ज असतो. पण त्या अर्जात गुणांइतकीच झडती अनुभवाची होते. पशुवैद्याच्या हाताखाली किती तास काम केले, कोणत्या जातीच्या जनावरांत केले, याचा हिशेब द्यावा लागतो आणि शिफारसपत्रे जोडावी लागतात. मुंबई किंवा नागपूरचा पदवीधर तेथे व्यवसाय करू म्हणाला, तर त्याला परदेशी पदवीधरांसाठी असलेली प्रमाणन परीक्षा पार करावी लागते. अर्थात या पद्धतीतही वशिल्याला आणि पैशाला वाव आहे. ज्याचा बाप त्याला फुकट काम करू देण्याइतका संपन्न, त्याचे तास अधिक भरतात. आपल्याकडे शिफारसपत्रे मागितली तर त्यांचे काय होईल, हे सुज्ञास सांगणे न लगे. म्हणून पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्याच कृषी पदवीच्या प्रवेशात सातबारा दाखविणाऱ्याला अधिभार देण्याचा शिरस्ता होता, तेव्हा गोठ्यातील अनुभवाला काही वजन द्यावे ही कल्पना आपल्या भूमीत अगदीच परकी नाही.

दुसरा दरवाजा दहावीनंतरचा. अमेरिकेत ज्याला व्हेटरनरी टेक्निशियन म्हणतात, तो मान्यताप्राप्त संस्थेत दोन ते चार वर्षे शिकून राष्ट्रीय परीक्षा देतो. आपल्याकडे या पायरीवर उभा आहे तो पशुधन पर्यवेक्षक आणि पशुसंवर्धनाचा पदविकाधारक. दवाखान्यांची श्रेणी-१ व श्रेणी-२ अशी विभागणी आहे. पहिलीत पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, दुसरीचा कारभार पर्यवेक्षक किंवा सहायक पाहतो. १९८४च्या कायद्याचे तिसावे कलम याबाबत स्पष्ट आहे: नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणी पशुवैद्यकी करू नये, मात्र राज्य शासन आदेश काढून पदविका अथवा प्रमाणपत्रधारकांना, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, किरकोळ सेवा देण्याची मुभा देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही त्यांची कायद्यातच दिलेली उदाहरणे. कागदावर हे चोख आहे. पण रात्री दोन वाजता गाय अडली, तालुक्याचा अधिकारी तीस किलोमीटरवर, आणि पर्यवेक्षक शेजारच्या आळीत; अशा वेळी ‘देखरेख’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे कोणत्याही गावकऱ्याला ठाऊक आहे. घटसर्पाची लस कोणत्या गोठ्यात राहिली आणि लाळ्या-खुरकूत कोणत्या वस्तीवरून आली, हे पदवीधरापेक्षा त्यालाच आधी कळते.

आणि नेमका याच माणसाला वर चढण्याचा जिना नाही. पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला मुलगा अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. पशुसंवर्धनाची पदविका घेतलेल्याला मात्र पशुवैद्यक व्हायचे असेल, तर पुन्हा बारावी विज्ञान आणि पुन्हा नीट. ज्याला जनावर कळते त्याला भौतिकशास्त्र अडविते, आणि ज्याला भौतिकशास्त्र कळते त्याला जनावर कधी अडवीत नाही. पदविकेतील उत्तम विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या काही मोजक्या जागा, कठोर परीक्षा घेऊन का होईना, राखून ठेवण्याचा विचार परिषदेने अवश्य करावा. त्यामुळे पदवीचा दर्जा घसरेल ही भीती मला निराधार वाटते.

तोवर विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. काही महिन्यांत ‘डॉक्टर’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर पैसे दवडू नयेत; पदवी घ्यायची ती १९८४च्या कायद्याच्या परिशिष्टात मान्यता असलेलीच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण त्याविना नोंदणी नाही आणि नोंदणीविना व्यवसाय नाही. आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी जवळच्या श्रेणी-१ दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणाच्या दिवसांत, सकाळी आठला तेथे हजर राहावे. अंगावर जुने कपडे आणि पायांत गमबूट असावेत.