मशीन बंद पडते, पण नेमकी केव्हा?

पाऊस सरला की कोकणात आंब्याच्या बागेत कमरेएवढे गवत उभे असते. ते वेळेत कापले नाही तर पुढे वणव्याची धास्ती. म्हणून आमच्या घरी पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर आहे. माझे शौहर कतारला नोकरीला असतात, मी शाळेत शिकवते आणि बाग अब्बा, म्हणजे माझे सासरे, सांभाळतात. गेल्या वर्षी गवत कापायला गावातलाच एक मुलगा येत होता. माझाच जुना विद्यार्थी.

चौथ्या दिवशी मशीन सारखी बंद पडू लागली. अब्बा संतापले. "यानेच बिघडवली. दुरुस्तीचे पैसे याच्या मजुरीतून कापा!" तालुक्याच्या गॅरेजवाल्याने न बघताच फोनवर कार्बोरेटर बदलायला सांगितले. मुलगा पडवीत मान खाली घालून उभा होता.

वर्गात विचारावे तसे मी त्याला विचारले, "बंद पडते म्हणजे नेमकी केव्हा?"

"मॅडम, सुरू लगेच होते. दहा-पंधरा मिनिटे छान चालते. मग धापा टाकत बंद पडते. थोडा वेळ थांबलो की परत चालू."

उत्तर त्याच्या बोलण्यातच होते. मशीनबरोबर आलेली पुस्तिका काढून आम्ही दोघांनी वाचली. इंजिन थंड होऊ दिले आणि टाकीचे झाकण हळूच सैल केले. फुस्स करून हवा आत ओढली गेली.

या झाकणाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते. टाकीतले पेट्रोल कमी होते तशी बाहेरची हवा आत यावी लागते. ही वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल पुढे सरकत नाही आणि इंजिन उपाशी राहून बंद पडते. थांबल्यावर थोडी हवा झिरपते, म्हणून पुन्हा सुरू होते. आमच्या झाकणात गवताचा भुगा आणि तेल यांचा चिकट थर बसला होता. तो साफ केला, झाकण वाळवले आणि मशीन संध्याकाळपर्यंत चालली. खर्च काहीच नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, बंद पडण्याची वेळ आधी ओळखा.

सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर पेट्रोल जुने आहे का ते पाहा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल ओढून घेते. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते आणि टाकीतली नळी तळाचेच ओढते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर ते वापरू नका. पावसाळाभर पडून राहिलेले पेट्रोलही नकोच.

रेस दिल्यावर दम तोडत असेल आणि चोक अर्धा ओढल्यावर बरी चालत असेल, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे. टाकीत नळीच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. वाकवलेल्या तारेने तो बाहेर काढा, घाण असेल तर बदला. कार्बोरेटरकडे त्यानंतर वळा.

काळा धूर येऊन गुदमरत असेल तर हवेचा फिल्टर बघा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. कागदाचा धुऊ नका, खराब झाला की बदला. प्लगही काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळे आणि ओले असेल तर हवा कमी पडते आहे किंवा तेल जास्त झाले आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळतात. पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल तर एक लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. तेल जास्त झाले की सायलेन्सरच्या जाळीत काजळी साचते आणि इंजिनाची ताकद जाते. कमी पडले तर इंजिन आतून जळते. फोर-स्ट्रोकचे तेल मात्र वेगळ्या जागी भरतात, पेट्रोलमध्ये नाही.

हे सगळे करूनही इंजिन फक्त तापल्यावरच बंद पडत असेल तर कॉइल कमजोर झालेली असू शकते. ते काम मेकॅनिकचे.

कुठेही हात घालण्याआधी इंजिन थंड होऊ द्या आणि प्लगची वायर काढून ठेवा. पाते चुकून फिरले तर बोटे जातील. जवळ विडी नको, चूल नको, लहान मुले नकोत. झाकण सैल ठेवून मशीन कधीच चालवू नका. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि नळीतले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच मशीन ठेवा.

त्या संध्याकाळी अब्बांनी मुलाची पूर्ण मजुरी त्याच्या हातावर ठेवली. थोडे थांबून म्हणाले, "बेटा, मी आधी तुलाच विचारायला हवे होते." यंदाही तोच येणार आहे. आल्याबरोबर पहिले काम झाकण साफ करण्याचे, असे त्याने आत्ताच सांगून ठेवले आहे.