बिने-कामत कसोटी आणि मराठीचा प्रदेश

व्ही. व्ही. कामत यांचे नाव मराठी भाषाव्यवहाराच्या चर्चेत सहसा येत नाही. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र ते बिने-कामत कसोटीमुळे परिचित आहे. उपयोजित मानसशास्त्राच्या या आद्य भारतीय प्रवर्तकाने, बिने आणि सिमों यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे सिद्ध केलेल्या बुद्धिमापन श्रेणीला धारवाडच्या परिसरात मराठी आणि कन्नड रूप दिले. त्याविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४० मध्ये प्रसिद्ध केला.

कामतांपूर्वी टर्मन यांची १९१६ ची स्टॅनफर्ड आवृत्ती अमेरिकेत रूढ झाली होती. तिच्यातील कित्येक प्रश्न मुळात भाषेचेच आहेत. विस्कळीत शब्दांतून वाक्य जुळविणे हा त्यांपैकी एक. इंग्रजीत शब्दांचा क्रमच कर्ता-कर्म ठरवितो. मराठीत ते काम बव्हंशी विभक्तिप्रत्यय करतात, म्हणून एकाच शब्दसमूहातून दोन-तीन निर्दोष वाक्ये संभवतात. यमक सुचविण्याचा प्रश्नही तसाच: ‘करतो’ला ‘भरतो’, ‘धरतो’ जोडताना मुलाला प्रत्ययाचे आयते साहाय्य मिळते. राजा आणि राष्ट्राध्यक्ष यांतील भेद तर पारतंत्र्यातील मुलाने कोठून सांगावा? अशा श्रेणीचे निव्वळ भाषांतर होऊच शकत नाही. प्रश्न बदलावा लागतो, आणि तो कोणत्या वयाला झेपतो हे त्या भाषेतील मुलांवरच पुन्हा पडताळावे लागते. कामतांचे खरे श्रेय येथे आहे.

परंतु मानके ज्या मुलांवरून ठरतात, त्यांची बोली त्या मानकांत उतरते. कामतांचे कार्य मुंबई इलाख्याच्या दक्षिण सरहद्दीवरील मराठीत झाले. त्या काळी हिंगोलीचा परिसर निजामाच्या राज्यात होता. तेथे शासनाची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुढे, १९६७ मध्ये, या ग्रंथाची चौथी आवृत्ती निघाली आणि ही कसोटी देशभरच्या चिकित्सालयांत अद्यापही वापरली जाते. हिंगोली जिल्ह्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. मराठी त्याला बहुधा शाळेतच भेटते. शब्दार्थाच्या प्रश्नाला ते गप्प राहिले, तर मानसिक वय घटते आणि गुणांक सत्तरच्या खाली गेल्यास बौद्धिक अक्षमतेचा संशय पक्का होऊ लागतो. ते मौन बुद्धीचे की भाषेचे, हे केवळ गुणपत्रिकेवरून उलगडत नाही. परीक्षकाला त्या मुलाची बोली ठाऊक असावी लागते.