दर्जी कसा पारखावा? आणि लोणावळ्याचा लिबास कोणता?

कापडाचा भाव करताना अर्धा तास घालवणारे गिऱ्हाईक कापड हाती पडल्यावर आम्हाला एकच प्रश्न विचारते, "शेठ, शिवायला कुणाकडे टाकू?" उत्तर त्याला एका वाक्यात हवे असते. आम्ही जे नाव सांगू तिकडे ते सरळ चालू लागते. शर्ट चांगला बसला तर तारीफ दर्ज्याची होते. बिघडला तर मात्र ते गिऱ्हाईक दर्ज्याकडे एकदा आणि आमच्याकडे चार वेळा येते. लोणावळ्यासारख्या लहान गावात ते पुढच्या ईदला किंवा दिवाळीला शेजारच्या दुकानात बसलेले दिसते. तेव्हा दर्जी पारखणे हा आम्हा कापडवाल्यांच्या धंद्याचाच भाग समजला पाहिजे.

मागे एकदा ईदच्या आधी आमच्या गादीवर यावरून चांगलाच वाद रंगला. तुंगार्लीला बंगला असलेले एक मुंबईकर, पुण्याचे एक निवृत्त मास्तर आणि कामशेतचे एक तांदळाचे व्यापारी, असे तिघे बसले होते. मुंबईकर म्हणाले, "शिलाई असावी तर मुंबईची. तुमच्याकडे कपडा अंगावर नुसता टांगल्यासारखा दिसतो." पुणेकर मास्तरांना ते काही सहन झाले नाही. "मुंबईत कपडा तारखेला मिळतो हे खरे, पण उलटा करून पाहा, आत काही नसते," असे त्यांनी सुनावले. मग दोघांनी मिळून तोंड आमच्याकडे वळवले. लोणावळ्याची कपड्यात स्वतःची काही तऱ्हा आहे का, की तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला चिक्की विकता आणि फॅशन दोन्ही बाजूंनी उसनी आणता? आम्ही हसून चहा मागवला. उत्तर त्या वेळी सुचले नाही, ते नंतर सुचले.

दोन्ही शहरांचे गिऱ्हाईक आम्ही पस्तीस वर्षे पाहत आलो आहोत. मुंबईकर कापडाचा रंग आणि पडण पाहतो. दर्ज्याला तो पहिला प्रश्न "कधी मिळेल?" हा करतो. पुणेकर कापड चिमटीत धरून चुरगाळतो, धुतल्यावर किती आटेल ते विचारतो आणि उरलेला तुकडा परत मागतो. लोक त्याची थट्टा करतात, पण त्या तुकड्यातूनच पुढे फाटलेली कॉलर बदलता येते. पुण्याच्या लष्कर भागातल्या जुन्या दर्ज्यांचा हात फौजेच्या गणवेशावर बसला. मुंबईच्या दर्ज्यांचा हात दुनियाभरच्या नमुन्यांवर बसला. ज्याचा हात जशा कामावर बसतो तशी त्या शहराची नफासत घडते.

आता मावळाचे पाहू. इथला जुना लिबास साधा होता. सदरा, धोतर किंवा पायजमा, डोक्याला टोपी किंवा मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि भातलावणीच्या वेळी पाठीवर इरले. गावोगावचे मुसलमान शेतकरीही सदरा-पायजम्यातच असत. आमच्या आजीने जन्मभर नऊवारी नेसली आणि खणाची चोळी घातली. ती चोळी शिवणारा शिंपी वेगळा, सदरा शिवणारा वेगळा. चोळीचे माप टेपने घेत नसत, जुनी चोळी नमुन्याला पाठवत. मावळच्या बाजारात नामदेव महाराजांना मानणारे शिंपी आणि हजरत इद्रीस (अ. स.) यांच्याकडे आपल्या हुनराचा सिलसिला नेणारे दर्जी शेजारीशेजारी बसत आले आहेत. काज-बटणाचे काम एकाचे दुसऱ्याकडे जाते, अडल्या वेळी मशीनही जाते.

या साध्या लिबासात बदल दोन गोष्टींनी झाला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला आणि रेल्वेचे नोकरदार इथे राहू लागले. पुढे १९४५ साली नौदलाचे शिवाजी हे तळ इथे उभे राहिले. दोन्हीकडे गणवेश लागतो. गणवेश घट्ट झाला, सैल झाला, बटण तुटले की काम गावातल्या दर्ज्याकडेच येते. गणवेशात चालढकल चालत नाही. पँटची इस्त्रीची घडी सरळ पडली नाही तर साहेब परत पाठवतो. त्यामुळे इथल्या जुन्या कारीगरांना पँट उत्तम येते. शेरवानी म्हणाल तर आम्ही आजही पुण्याला जायला सांगतो, त्यात लाज कसली!

पण लोणावळ्याचा खरा उस्ताद आहे पाऊस. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपडा वाळत नाही. सुती शर्टाला वास धरतो, लोकरीच्या कोटावर बुरशी येते, लोखंडी हूक गंजून कापडावर डाग पाडतो. कॉलरीत स्वस्त चिकटवणीचे बकरम घातले असेल तर दोन पावसाळ्यांत त्यावर फुगे येतात. १९७० नंतरच्या दशकात टेरिकॉट आले ते इथे फॅशन म्हणून कमी आणि लवकर वाळते म्हणून जास्त खपले. इथला जाणता दर्जी पितळी किंवा प्लास्टिकची चेन लावतो, सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा दोरा घेतो, पँटची मोहरी चिखल लागणार नाही इतकी वर ठेवतो. अस्तर पूर्ण न लावता गरजेपुरतेच लावतो. मुंबईकरांना टांगल्यासारखा वाटलेला ढगळ शर्ट हा त्याच समजुतीचा आहे, कारण ओलसर हवेत अंगाला चिकटणारा कपडा दिवसभर घालवत नाही. आमच्या मते लोणावळ्याची तऱ्हा ती हीच. तिचा फोटो चांगला येत नसेल, पण ती उसनी नाही.

आता दर्जी कसा पारखावा ते सांगतो. त्याच्या काचेत टांगलेला नमुना पाहू नये, तो सगळ्यांचाच चांगला असतो. डिलिव्हरीसाठी टांगलेल्या कपड्यांपैकी एखादा पाहायला मागावा आणि उलटा करावा. बगलेखालची शिलाई सरळ आहे का, काजाचे दोरे सुटलेत का, चौकड्याच्या शर्टाला खिशाची चौकडी अंगाच्या चौकडीला जुळते का, हे दोन मिनिटांत कळते. पँट असेल तर मागच्या मधल्या शिलाईत कापड किती सोडले आहे ते बोटाने मोजावे. दीड इंच असेल तर मास्तर तुमच्या उद्याच्या पोटाचाही विचार करतो असे समजावे. अर्धा इंच असेल तर त्याने कापड वाचवले आहे. ते कुणाचे वाचवले, हे निराळे सांगायला नको.

मग त्याला माप घेताना पाहावे. चांगला दर्जी टेप हातात घेण्याआधी माणसाकडे पाहतो. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो, आणि हमालाचा किंवा पोती उचलणाऱ्याचा तर हमखास. ते त्याच्या वहीत वेगळे लिहिलेले असले पाहिजे. तो बसायला सांगून कंबर पुन्हा मोजेल. बसून काम करणाऱ्याचा आणि उभ्याने काम करणाऱ्याचा पायजमा एक नसतो. तो विचारेल, "नमाजला हाच कपडा घालणार का?" सजद्यात पाठ ताणली जाते, तेव्हा मुंढा आणि पाठ किती सोडायची ते त्यावर ठरते. जो दर्जी काही विचारतच नाही, तो सगळ्यांना एकच शर्ट शिवतो.

कापडाच्या हिशेबातही त्याची परीक्षा होते. पन्हा ५८ इंच असेल तर साधारण अंगाच्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला एक मीटर साठ सेंटिमीटर पुरते, ३६ इंच पन्ह्याला सव्वादोन ते अडीच मीटर लागते. ५८ इंची कापडात पँट सव्वा मीटरच्या आसपास बसते. मोठी चौकडी किंवा आडव्या पट्ट्या असतील तर जुळवणीसाठी जास्त कापड लागते आणि दर्ज्याने ते आधीच सांगावे. आणि व्यापारी बंधूंनी गिऱ्हाइकाला स्वस्त वाटावे म्हणून दहा सेंटिमीटर कमी फाडू नये. ते दहा सेंटिमीटर दर्ज्याच्या माथी बसतात.

रमजानचे निराळे सांगायला हवे. विसावा रोजा उलटल्यावर जो दर्जी "हो, होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडे कपडा टाकू नये. "आता नाही होणार, ईदनंतर या" असे म्हणणाऱ्याकडे टाकावा, भले ईदनंतर मिळो. वायदा न पाळणाऱ्या दर्ज्याचे दुकान चांदरातीला भरलेले असते आणि बाहेर भांडणे चाललेली असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

इथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. १९९६ साली तालुक्यातल्या एका शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आम्ही घेतली. खाकी सुती कापड आमचे, शिलाई एका वयस्कर मास्तरांची. मास्तरांनी कापड हातात घेतले, काठ पाहिला आणि म्हणाले, "शेठ, याच्यावर सॅन्फोराइज्डचा शिक्का नाही. एक रात्र भिजवू द्या." सॅन्फोराइज्ड म्हणजे गिरणीतच वाफेने आणि दाबाने आधी आटवलेले कापड. अमेरिकेतल्या सॅन्फर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास ही पद्धत काढली आणि त्यांच्याच नावावरून हा शब्द आला. असे कापड धुतल्यावर शेकड्याला एकाच्याही आत आटते. न आटवलेले सुती कापड शेकड्याला पाच ते दहापर्यंत आटू शकते. छत्तीस इंच लांबीच्या पँटीला पाच टक्के म्हणजे पावणेदोन इंचांच्या वर झाले. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पण शाळा उघडायला नऊ दिवस उरले होते आणि पावसात भिजवलेले कापड वाळवायचे कुठे? आम्ही म्हटले, "राहू द्या मास्तर, तसेच कापा."

जुलैपर्यंत पोरांच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. पालक आले, शाळेचा शिपाई आला. आम्ही काय केले? शिलाईत चूक झाली असे सांगितले आणि मास्तरांच्या मजुरीतून पैसे कापले. मास्तर बोलले नाहीत. त्यांनी सवयीप्रमाणे पँटीच्या मोहरीत दोन इंच कापड आत दुमडून ठेवले होते. आठवडाभर बसून त्यांनी एकेका पँटीची मोहरी उसवली आणि खाली सोडून दिली, त्याची मजुरीही मागितली नाही. ते पैसे आम्ही तिसऱ्या वर्षी त्यांना परत नेऊन दिले. त्यांनी मोजून घेतले आणि म्हणाले, "तीन वर्षे लावलीत." त्याला आमच्याकडे जवाब नव्हता.

त्यानंतर आम्ही दर्ज्याकडून कमिशन घेणेही बंद केले. हा रिवाज अनेक गावांत आहे. दुकानदार गिऱ्हाईक पाठवतो आणि नगामागे काही रुपये दर्ज्याकडून घेतो. ते रुपये दर्जी आपल्या घरातून देत नाही, बकरमातून आणि दोऱ्यातून काढतो. ज्या दुकानदाराच्या सल्ल्यात कमिशन आहे त्याचा सल्ला गिऱ्हाइकाने कशाला मानावा?

आज चित्र बदलले आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून पोरे शनिवारी पुण्याच्या मॉलमध्ये जाऊन कपडे घेऊन येतात, आणि आता तर मोबाइलवर मागवलेला कपडा दारात येतो. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत महिन्याचा पगार मिळत असताना मशीनवर बसायला मुलगा तयार होत नाही. मात्र एक गोष्ट दर्जी बंधूंनी ध्यानात घ्यावी. रेडिमेड कपडा सरासरी माणसासाठी कापलेला असतो आणि सरासरी माणूस आमच्या दुकानात अजून आलेला नाही! मागवलेल्या पाच कपड्यांपैकी दोनतीन बाही, कंबर किंवा लांबीसाठी दुरुस्तीला येतात. दुरुस्तीच्या कामाला कमी लेखू नये. दर लिहून भिंतीवर लावावा आणि वेळ सांगून पाळावी.

केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत जे अठरा व्यवसाय आहेत त्यात दर्जी आहे. नोंदणी झालेल्या कारीगराला प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. अर्ज सामायिक सुविधा केंद्रातून भरता येतो. आधार, बँकेचे खाते आणि मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा मशीनवर खरोखर जो बसतो त्याचेच नाव द्यावे.

त्या दिवशीच्या वादात कामशेतचे व्यापारी काहीच बोलले नव्हते. ईद झाल्यावर ते पिशवीत एक जुना बंद गळ्याचा कोट घेऊन आले. वडिलांचा होता, त्याच मास्तरांनी शिवलेला. मुलाच्या लग्नात घालायची इच्छा होती, पण छातीला दोन इंच कमी पडत होता. आम्ही आमच्या आजच्या दर्ज्याकडे घेऊन गेलो. त्याने अस्तर उसवले आणि आत बोट घातले. दोन्ही बाजूंना इंच-इंच कापड सोडलेले निघाले. मंगळवारी द्यायचे ठरले आणि मंगळवारी संध्याकाळी कोट तयार होता.